रहस्यकथाकाराची मुलूखगिरी

उत्तम पुस्तक एकदा लिहून झाले की ते आपल्या गुणांच्या बळावर देशोदेशींच्या वाचकांपर्यंत आपोआप जाऊन पोहोचते, अशी एक समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. आणि जो लेखक स्वतः परमुलखात जाऊन, गावोगावच्या व्यासपीठांवर उभा राहून, आपल्या पुस्तकांचा पुरस्कार करतो, त्याच्याकडे काहीशा अनादराने पाहण्याची प्रवृत्तीही याच समजुतीतून उत्पन्न झालेली आहे. मला हे दोन्ही विचार चुकीचे वाटतात. परक्या भाषेतला वाचक आजवर कोणत्याही ग्रंथकाराला फुकट लाभलेला नाही. त्यासाठी कोणाला तरी कायदा करावा लागतो, कोणाला तरी अनुवाद करावा लागतो, आणि बहुधा लेखकालाही घरदार सोडून दरमजल करीत हिंडावे लागते. रहस्यकथेच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कारण समीक्षकांनी दाराबाहेर उभा केलेला हा वाङ्मयप्रकार विद्यापीठांच्या शिफारशीवर नव्हे, तर केवळ खपावर जगत आलेला आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांचेच उदाहरण घ्यावे. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्यांनी अवघ्या २५ पौंडांना, सर्व हक्कांसह, प्रकाशकाच्या हवाली केली आणि ती १८८७ च्या अखेरीस एका नाताळ वार्षिकात छापून आली. इंग्लंडात तिचा फारसा गाजावाजा झाला नाही; परंतु अमेरिकेत परकीय ग्रंथकारांच्या स्वामित्वाला त्या वेळी कायद्याचे कसलेच संरक्षण नसल्यामुळे, तिकडच्या मुद्रकांना इंग्रजी पुस्तके लेखकाला एक छदामही न देता छापता येत होती, आणि अशा रीतीने मोबदल्यावाचून फैलावलेल्या वाचनातूनच डॉयल यांचे नाव अटलांटिकपलीकडे ठाऊक झाले. पुढे ३० ऑगस्ट १८८९ रोजी फिलाडेल्फियाच्या ‘लिपिंकॉट्स’ मासिकाचे प्रतिनिधी जोसेफ स्टॉडार्ट यांनी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात दोन लेखकांना भोजनास बोलाविले. एक होते डॉयल, दुसरे ऑस्कर वाइल्ड. त्या एका मेजवानीतून होम्सची दुसरी कादंबरी आणि वाइल्ड यांची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ अशी दोन पुस्तके निर्माण झाली. म्हणजे जो नायक आज इंग्लंडच्या धुक्याशी आणि लंडनच्या गल्ल्यांशी अविभाज्यपणे जोडलेला आहे, त्याचे दुसरे आगमन अमेरिकन मासिकाच्या पैशामुळे झाले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी जितकी ध्यानात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही. मार्च १८९१ मध्ये अमेरिकेने परकीय लेखकांना स्वामित्व देणारा कायदा संमत केला आणि तो १ जुलैपासून अंमलात आला. त्याच महिन्यात ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सची पहिली लघुकथा प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या वर्षी त्या कथांचा संग्रह न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशनसंस्थेने काढला. आधीच्या दोन कादंबऱ्या मात्र त्या मुलखात दीर्घकाळ बेवारस मालमत्तेप्रमाणे कोणीही छापीत राहिला.

डॉयल स्वतः अमेरिकेला गेले ते १८९४ च्या शरदात. धाकटा भाऊ इनिस बरोबर होता. पत्नी लुईझा क्षयाने आजारी, स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या हवेत उपचार घेत होती. आणि ज्या नायकाचे नाव ऐकून लोक सभागृहात गर्दी करणार होते, त्याला त्यांनी आदल्याच वर्षीच्या डिसेंबरात रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले होते. व्याख्यानांची तजवीज मेजर जेम्स पाँड या नामांकित मुखत्याराकडे होती. याच पाँड यांनी पुढच्या वर्षी मार्क ट्वेन यांच्या कर्जफेडीच्या व्याख्यानयात्रेचा अमेरिकेतला भाग आखून दिला, आणि ती यात्रा पुढे समुद्रमार्गे जानेवारी १८९६ मध्ये मुंबईलाही येऊन पोहोचली; तेव्हा या पेशाचे वारे आपल्या बंदराला मुळीच लागले नाही असे म्हणता येत नाही. डॉयल यांनी त्या काही आठवड्यांत चाळीसच्या आसपास व्याख्याने दिली. जॉर्ज मेरेडिथच्या कादंबऱ्या हाही त्यांच्या व्याख्यानांचा एक विषय होता, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलण्याची त्यांना उत्कंठा होती. श्रोत्यांना मात्र होम्स हवा होता. लेखकाला स्वतःची जी कृती श्रेष्ठ वाटते ती बाजूस ठेवून, जी वाचकांना प्रिय आहे तिच्याविषयी रोज नव्या गावात, नव्या उत्साहाने बोलणे, हे श्रम हमालीच्या श्रमांहून कमी नाहीत. ते त्यांनी सौजन्याने केले. मधल्या सवडीत व्हरमाँटमध्ये रडयार्ड किपलिंग यांच्या घरी मुक्काम करून त्यांनी त्या मुंबईत जन्मलेल्या लेखकाला गोल्फ शिकविले, हा त्या दगदगीतला एक सुखाचा प्रसंग.

या दौऱ्याने ते श्रीमंत झाले नाहीत. खर्चवेच वजा जाता जे उरले, त्यापेक्षाही अधिक मोलाचा एक व्यवहार त्यांनी तेथे केला: डबघाईला आलेल्या ‘मॅक्ल्यूर्स’ मासिकाच्या चालकाला पाच हजार डॉलरांचा धनादेश लिहून देऊन त्या धंद्यात भागीदारी पत्करली. आपल्या कथा ज्या बाजारात जावयाच्या, त्या बाजारातली एक संस्था टिकावी म्हणून लेखकाने स्वतःची गंगाजळी रिती करावी, यात व्यवहारबुद्धीबरोबरच दानतही आहे. आणि या साऱ्या पेरणीचे फळ १९०३ साली दिसून आले, जेव्हा ‘कोलियर्स’ या अमेरिकन साप्ताहिकाने होम्सच्या सहा नव्या कथांना पंचवीस हजार, आठांना तीस हजार आणि तेरांना पंचेचाळीस हजार डॉलर देऊ केले. नऊ-दहा वर्षांपूर्वी मृत झालेला होम्स जिवंत झाला, आणि त्याच्या पुनरागमनाची कथा लंडनच्या वाचकांपूर्वी अमेरिकेच्या वाचकांनी वाचली. परदेशातील वाचक केवळ पुस्तकाचा उपभोग घेत नाही, तो पुढचे पुस्तक घडवितो, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही.

ही झाली एकाच भाषेतली मुलूखगिरी. लेखकाची भाषा छोटी असली की तिचे स्वरूप पालटते. स्वीडनच्या हेनिंग मांकेल यांची वालांडर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची पहिली कादंबरी १९९१ साली निघाली आणि नॉर्डिक देशांतला ‘काचेची किल्ली’ हा पुरस्कार तिला लगेच पुढल्या वर्षी मिळाला. तरी इंग्रजीत यावयास तिला १९९७ साल उजाडावे लागले. त्यांना विपुल वाचक दिला तो जर्मनीने. जर्मन भाषकांच्या देशांत लेखकाच्या वाचनाचा कार्यक्रम हा एक गंभीर सांस्कृतिक विधी आहे: लोक तिकीट काढून येतात, लेखकाला मानधन मिळते, परदेशी लेखक आपल्या भाषेत एखादे पान वाचून दाखवितो, आणि मग एखादा नट किंवा नटी जर्मन अनुवादातला दीर्घ उतारा वाचते, मधे बसलेला निवेदक प्रश्नोत्तरे दोन्ही भाषांत फिरवितो. तासाहून अधिक काळ सभागृह निश्चल बसून ऐकते. ज्या समाजाला ऐकण्यासाठी पैसे देण्याची सवय आहे, त्या समाजात परक्या लेखकाचा दौरा भिकेचा फेरा ठरत नाही. तो पेशा ठरतो. रूर प्रदेशालगतच्या उना गावी २००२ पासून केवळ गुन्हेगारी कथांचा एक महोत्सव भरतो. फ्रान्सात लियाँ येथे २००५ पासून, स्पेनमध्ये गिखोन येथे त्याहीपूर्वी १९८८ पासून असे मेळे भरत आले आहेत. मध्यम दर्जाच्या यशाचा युरोपीय रहस्यकथाकार आज या गावांच्या फेऱ्यांवर वर्षातला पुष्कळ काळ घालवितो. आगगाडीत झोपतो, हॉटेलच्या मेजावर पुढच्या प्रकरणाची दुरुस्ती करतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे देतो. मांकेल तर आयुष्याचा मोठा हिस्सा मोझांबिकमधल्या मापुतो शहरी एक नाट्यसंस्था चालविण्यात वेचीत होते, आणि त्या कामाला वालांडरच्या परदेशी खपातून आलेला पैसा उपयोगी पडला. ज्यांना पुस्तकविक्रीचे दौरे हलके वाटतात, त्यांनी हा जमाखर्च एकदा पाहावा.

परंतु लेखकाच्या पायपिटीलाही एक मर्यादा आहे, आणि ती स्वीडनच्याच स्टीग लार्सन यांच्या उदाहरणाने सिद्ध झाली. ते नोव्हेंबर २००४ मध्ये वारले. त्यांची पहिली कादंबरी त्यानंतर २००५ साली निघाली. आपल्या कादंबऱ्यांसाठी एकाही व्यासपीठावर ते उभे राहिले नाहीत, एकाही प्रतीवर त्यांनी स्वाक्षरी केली नाही, तरी त्यांची पुस्तके जगभर कोट्यवधी वाचकांच्या घरी गेली. लेखकाच्या अनुपस्थितीत हे घडू शकते. अनुवादकाच्या अनुपस्थितीत ते कदापि घडत नाही. मांकेल यांची पहिली वालांडर-कादंबरी इंग्रजीत आणणारे स्टीव्हन मरे आणि लार्सन यांची कादंबरी इंग्रजीत आणणारे ‘रेग कीलँड’ ही एकच व्यक्ती होती. संपादनातले फेरफार न पटल्यामुळे मरे यांनी तेथे टोपणनाव धारण केले. एका समग्र वाङ्मयप्रवाहाचे दार ज्या माणसाने उघडले, त्याचे खरे नाव शतकातल्या सर्वांत गाजलेल्या अनुवादावर नसावे, याची मला खंत वाटते. ब्रिटनच्या रहस्यकथाकारांच्या संघटनेनेही, २००५ साली आपला सुवर्ण-खंजीर पुरस्कार आइसलँडच्या आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांना दिल्यानंतर, तो मूळ इंग्रजी पुस्तकांपुरता राखून ठेवला आणि अनुवादांसाठी २००६ पासून वेगळा पुरस्कार काढला. परक्यांना मुख्य पंगतीतून उठविले, हा निर्णय मला संकुचित वाटतो. नव्या पुरस्काराच्या रकमेत अनुवादकालाही वाटा ठेवला, ही त्यातली न्याय्य बाजू.

आता आपल्याकडे वळू. मराठीत रहस्यकथा कमी लिहिली गेली असे कोणी म्हणणार नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या नावाने दोन-तीन पिढ्या वाचावयास शिकल्या. पुढे सुहास शिरवळकरांनी त्या वाचकाला अधिक आधुनिक शहर दाखविले. होम्सला भालबा केळकरांनी मराठीत आणले, आणि बंगालीतला फेलूदा हा गुप्तहेरही आपल्याकडे आला. आयातीचा दरवाजा असा सदैव उघडा. निर्यातीचा मात्र जवळजवळ बंद. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश आणि सत्यजित राय यांचा फेलूदा इंग्रजीत सुखाने नांदत आहेत. चेन्नईच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने २००८ साली तमिळ रहस्य-थरारकथांचा इंग्रजी संग्रह काढला, लगोलग हिंदीतल्या सुरेंद्र मोहन पाठकांना इंग्रजीत आणले, आणि उर्दूतल्या इब्ने सफी यांच्या चार कादंबऱ्यांचा अनुवाद शम्सुर्रहमान फारुकी यांच्याकडून करवून घेतला. फारुकी हे उर्दूतले थोर समीक्षक, मीर तकी मीरच्या काव्याचे भाष्यकार. त्या योग्यतेच्या पंडिताने रेल्वे-फलाटावर विकल्या जाणाऱ्या जासूसी कादंबऱ्यांना आपली लेखणी दिली. आपल्याकडच्या किती समीक्षकांनी अर्नाळकरांचे एक पानही परभाषेत नेण्याचा विचार केला? ज्या वाङ्मयाने सामान्य मराठी माणसाला वाचक बनविले, त्याचा उल्लेख आपण बालपणीच्या आठवणींत प्रेमाने करतो आणि अभ्यासक्रमांत टाळतो; मग परदेशी प्रकाशकाने ते मागावे तरी कशाच्या आधारावर?

फ्रँकफुर्टच्या ग्रंथमेळ्यात भारत १९८६ आणि २००६ असा दोनदा सन्माननीय पाहुणा होता. अशा मेळ्यांत पुस्तकांचे हक्क विकले जातात ते नमुन्याच्या अनुवादावर, आणि आपल्या भाषेची खरी कसोटी येथे लागते. नॉर्वेने आपले साहित्य परदेशी पोहोचविण्यासाठी १९७८ पासून स्वतंत्र संस्था चालविली. स्वीडन परदेशी प्रकाशकांना अनुवादखर्चासाठी सरकारी अनुदान देते. त्या देशांची लोकसंख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येपुढे अल्प आहे. पैशाचा अभाव हे कारण आपल्याला पुढे करता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला; त्या गौरवाचा विनियोग केवळ प्राचीन ग्रंथांच्या संशोधनापुरता न ठेवता जिवंत, लोकप्रिय गद्याकडेही वळविणे इष्ट आहे.

म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला माझी विनंती आहे की, त्याने अर्नाळकरांपासून शिरवळकरांपर्यंतच्या रहस्यकथांतून एक साक्षेपी निवड करवून घ्यावी, तिचा इंग्रजी अनुवाद चांगला मोबदला देऊन करवावा, आणि अनुवादकाचे नाव लेखकाच्या नावाखाली मुखपृष्ठावर छापावे. आज लिहीत असलेल्या मराठी रहस्यकथाकारांपैकी ज्याचे पुस्तक अशा रीतीने परभाषेत जाईल, त्याला आणि त्याच्या अनुवादकाला जोडीने प्रवासखर्च द्यावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी या कामी समीक्षक द्यावेत. आणि वाचकांनी, आपल्या कपाटातल्या त्या जीर्ण झालेल्या पुस्तिका रद्दीत न घालता, ज्या ग्रंथालयांना हव्या असतील त्यांच्या स्वाधीन कराव्यात. कारण अनुवादकाला प्रथम मूळ संहिता लागते, आणि ती अनेक शीर्षकांच्या बाबतीत दुर्मिळ होत चालली आहे.