पत्र्यांच्या आतले पॉलिथिन

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीने ७२ जणांचा बळी घेतला. ठिणगी पडली ती चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात. ती २४ मजली इमारतभर पसरली मात्र बाहेरच्या आवरणामुळे. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये तीन मिलिमीटर पॉलिथिन, असे ते फलक होते. वजनास वजन पाहिले, तर पॉलिथिन जळताना डिझेलइतकीच उष्णता देते. जस्ताच्या फलकांऐवजी हे निवडल्याने सुमारे २ लाख ९३ हजार पौंड वाचले होते!

गाभ्यात पॉलिमर कमी आणि खनिज अधिक, असे फलक तेव्हाही बाजारात होते. त्यातील प्रमुख खनिज म्हणजे बॉक्साइटपासून मिळणारे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, एक साधी पांढरी भुकटी. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे तिचे विघटन होऊ लागते. त्यात ती उष्णता शोषते आणि स्वतःच्या वजनाच्या एकतृतीयांशाहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने सोडते. वाफेमुळे ज्वालाग्राही वायू विरळ होतात आणि मागे उरलेला अॅल्युमिनाचा थर आतल्या प्लास्टिकला झाकतो. जी प्लास्टिके याहून अधिक तापवून घडवावी लागतात, त्यांच्यासाठी ३०० अंशांपर्यंत टिकणारे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरतात. ब्रोमीनयुक्त रसायनांप्रमाणे यातून घातक वायू निघत नाहीत, हा लाभ वेगळाच.

अडचण आहे ती प्रमाणाची. चिमूटभर भुकटीने काही साधत नाही. वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास ती मिसळावी लागते. मग राळ घट्ट होते, यंत्रातून नीट वाहत नाही, माल जड आणि ठिसूळ होतो. त्यामुळे उत्पादकाला हात आखडता घेण्याचा मोह होतो आणि ‘अग्निरोधक’ हा शब्द तेवढा छापला जातो. शिवाय पाणी संपले की उरलेला पॉलिमर जळतोच. मिळते ती उसंत. अर्थात, जिन्यावरून उतरणाऱ्याला तीच हवी असते.

ग्रेनफेल चौकशीच्या सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने हे साहित्य बनविणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांवर पद्धतशीर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला. मुंबई-पुण्यातही इमारतींना नवा चेहरा देण्यासाठी असेच फलक सर्रास लावले जातात. नमुना पाहताना चर्चा होते ती रंगाची आणि दराची. गाभ्यात खनिज किती टक्के आहे आणि फलक, सांगाडा, उष्णतारोधक थर यांची एकत्रित अग्निचाचणी झाली आहे का, हे दोन प्रश्न सोसायटीच्या सभेत ठेकेदाराला लेखी विचारता येतात.