चिठ्ठीवरचं शेवटचं अक्षर

भाचीचा फोन रात्री साडेदहाला आला. "मामा, नवीन रॅम घातली आणि मशीन सुरूच होत नाहीये. लाल दिवा लुकलुकतो, पाच वेळा बीप वाजतं, थांबतं, की परत पाच वेळा."

ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून तिनं एका कंपनीतून निघालेलं एचपीचं झेड८०० घेतलं. आत दोन झिऑन ई५६४५ प्रोसेसर, प्रत्येकी सहा कोअर. एवढ्या बळाचं नवं मशीन तिला परवडलं नसतं, म्हणून मला तिचा निर्णय मनापासून आवडला होता. मोठ्या इमारतींच्या रेंडरला १२ जीबी मेमरी पुरेना, तेव्हा ती दुकानात गेली. "डीडीआर३ आहे ना? मग बसेल," म्हणत तिथं आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक हातात ठेवल्या गेल्या. त्या बसल्याही. पाच बीप ही या मशीनची मेमरीबद्दलची तक्रार असते.

रविवारी तिच्या खोलीवर गेलो. वायर काढून कॅबिनेट उघडलं आणि जुनी-नवी स्टिक टेबलावर शेजारी ठेवली. जुनीच्या चिठ्ठीवर 'पीसी३-१०६००आर', नवीच्या चिठ्ठीवर 'पीसी३-१०६००यू'. बाकी सगळं सारखं. पिना दोन्हींना २४०, मधली खाचही त्याच जागी. हाताला फरक कळणार कसा?

'आर' म्हणजे रजिस्टर्ड. सर्व्हर आणि वर्कस्टेशनमध्ये भरपूर स्टिक लावायच्या असतात. इतक्या चिपांपर्यंत पत्ते आणि हुकूम पोचवताना कंट्रोलरवर भार येतो, म्हणून स्टिकवरच एक रजिस्टर चिप असते. ती हुकूम झेलते आणि पुढे देते. घरगुती कॉम्प्युटरच्या 'यू' स्टिकवर ती नसते, आणि हे दोन प्रकार एका मशीनमध्ये एकत्र नांदत नाहीत. शिवाय जुन्या स्टिक ईसीसीच्या होत्या. दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा, त्यामुळे एखादा बिट उलटला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. रात्रभर चालणाऱ्या कामाला ही राखण मोलाची आहे. पन्नास-शंभर रुपयांसाठी ती कुणी सोडू नये.

दुसरी चूक जागेची होती. दोन्ही नव्या स्टिक तिनं एकाच प्रोसेसरच्या बाजूला लावल्या होत्या. इंटेलनं २००९च्या झिऑन ५५०० मालिकेपासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात नेला. म्हणजे या मशीनमधल्या १२ स्लॉटपैकी सहा एकाचे, सहा दुसऱ्याचे, आणि प्रत्येकाला तीन चॅनल. एका बाजूला कमी वाढलं तर त्या प्रोसेसरला शेजाऱ्याच्या मेमरीतून मागून आणावं लागतं आणि त्यात वेळ जातो. म्हणून दोन्हीकडे तीन-तीन, सारख्याच क्षमतेच्या स्टिक घ्यायच्या. वेगाचा हव्यास इथं कामाचा नाही. हा प्रोसेसर १३३३च्या पुढे जात नाही, त्यामुळे १६०० लिहिलेली स्टिकही १३३३नंच चालेल. चिठ्ठीवर '४आर' असेल, म्हणजे चार रँकची, तर वेग उलट उतरतो. '२आर' बघून घ्यावी.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड स्टिक तिथं ट्रेमध्ये रचलेल्या असतात. घरच्या पीसीत त्या चालत नसल्यामुळे त्यांना गिऱ्हाईक कमी आणि भावही उतरलेला. भाची एकेक स्टिक उजेडात धरून वाचत होती. एकाच कंपनीच्या, एकाच पार्ट नंबरच्या सहा मिळेपर्यंत तिनं दुकानदाराला सोडलं नाही. आठ जीबीच्या सहा, एकूण ४८. चालल्या नाहीत तर बदलून द्यायचं त्यानं बिलावर लिहून दिलं. हे मात्र मी मागितलं होतं.

घरी येऊन कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवली, स्टिक बसवल्या, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक्कन लागल्या. दिवा निळा झाला. लगेच काम सुरू न करता रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली. सकाळी सहाला तिचा मेसेज होता: "एरर शून्य." खाली फोटो. जुन्या सहा स्टिक तिनं एका डब्यात ठेवल्या होत्या आणि झाकणावर मार्करनं लिहिलं होतं, '२ जीबी, पीसी३-१०६००आर'. शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा.