चार मिलिमीटरचा फूट

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड परगण्यातील लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन नावाचे एक संग्रहालय आहे. तेथे एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. साडेसहा फुटांचे दार तेथे सव्वीस मिलिमीटर उंच असते, साठ फुटांचा प्रवासी डबा चोवीस सेंटिमीटर लांब असतो, आणि पावणेसहा फूट उंचीचा भारदस्त गृहस्थ तेवीस मिलिमीटरचा होऊन फलाटावर गाडीची वाट पाहत उभा असतो. नऊ इंच लांब व तीन इंच जाड वीट तीन मिलिमीटर लांब व एक मिलिमीटर जाड होते. एका भिंतीत अशा शेकडो विटा असतात, आणि त्या जलरंगाने एकेक करून रंगविलेल्या असतात; कारण भट्टीतून निघालेल्या दोन विटांचा रंग कधी तंतोतंत एक नसतो.

रुळांवर धावणारी छोटी आगगाडी म्हटले की व्यवहारी घरात प्रथम खर्चाचा विचार येतो, आणि तो येणे रास्तच आहे. इंजिने व डबे महाग असतात, यात संशय नाही. परंतु पेंडनची कीर्ती ज्या घरांवर उभी आहे त्यांना लागते काय? पुठ्ठा, जलरंग, डिंक आणि नळजोडणी करणारे कारागीर आट्यांवर गुंडाळतात तो तागासारखा धागा. या धाग्याच्या बारीक जुड्या एकावर एक बसवून छपरे शाकारली जातात, जशी खरी छपरे गवताने शाकारली जात. सामान स्वस्त, मोल आहे ते वेळेचे. एका झोपडीवजा घराला शेकडो तास सहज लागतात. हा वेळ कोणी कशासाठी दिला, हे जाणण्याजोगे आहे.

१९२५ साली रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडात आला. आडनावही इंग्लंडच. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांचे त्याला वेड होते, आणि त्या रेल्वेचा मोठा कारखाना स्विंडन येथे होता. स्विंडनच्या पूर्वेस एक रुंद, हिरवे खोरे पसरले आहे. तेथील टेकडीच्या उतारावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी खडूच्या पांढऱ्या मातीत रेखलेली घोड्याची प्रचंड आकृती आहे. तिच्यावरून त्या प्रदेशाला शुभ्र अश्वाचे खोरे म्हणतात. लंडन–ब्रिस्टल हा लोहमार्ग याच खोऱ्यातून जातो आणि तो १८४१ पासून पूर्णपणे वाहता आहे. इंजिने पाहावयास आलेला हा तरुण खोऱ्यातील खेड्यांतून हिंडला आणि तेथील घरांत गुंतला.

घरे साधी होती. स्थानिक दगड, स्थानिक वीट, वर गवती छप्पर. मात्र तो पाहत होता तोवरच ती बदलू लागली होती. छप्पर जुने झाले की पुन्हा शाकारण्याऐवजी कारखान्यातून आलेले स्वस्त आच्छादन चढे. मोटारींसाठी रस्ते रुंद होत. ओळखीचा कोपरा पुढच्या खेपेस ओळखू येत नसे. यात कोणाचा दोष काढावा? ज्याच्या घरात पाणी गळते त्याने सुंदर दिसण्यासाठी गळते छप्पर ठेवावे, असे पाहुण्याने म्हणणे शोभत नाही. घर वाचविणे रॉय इंग्लंडच्या हाती नव्हतेही. त्याने आपल्या हाती असलेले काम पत्करले: घर मोजावयाचे आणि मोजल्याप्रमाणे लहान रूपात पुन्हा उभे करावयाचे. पुढे १९५४ साली लाँग विटनहॅम येथे संग्रहालयाचा आरंभ झाला, स्वयंसेवक जमले, आणि कामाला विश्वस्त संस्थेचे रूप आले.

या क्षेत्रात त्याच्या आधी कोणी नव्हते असे मात्र नाही. लंडनच्या जॉन अहर्न यांनी १९३०च्या दशकात ‘मॅडर व्हॅली रेल्वे’ ही प्रतिकृती उभारावयास घेतली होती. तोवर बहुतेकांच्या छोट्या आगगाड्या म्हणजे फळ्यांवर ठोकलेले रूळ आणि कडेला एखादे स्थानक. देखावा असलाच तर नावापुरता. अहर्न यांनी रुळांभोवती अख्खे खोरे वसविले. बंदर, नदी, गल्ल्या, दुकाने, सगळे आले. काही इमारती त्यांनी पाहिलेल्या खऱ्या इमारतींवरून घेतल्या होत्या, पण मॅडरपोर्ट हे गाव नकाशावर कोठेही नाही. ते त्यांच्या मनातले गाव होते, आणि त्यात एक खेळकर सुख आहे. १९६१ साली अहर्न निवर्तले. त्यांची मॅडर व्हॅली आज पेंडनमध्येच जतन केलेली आहे. दोन वृत्तींची ही दोन कामे एका छताखाली पाहावयास मिळतात.

रॉय इंग्लंडचे गावही, नीट पाहिले तर, खरे नाही. ‘पेंडन पार्व्हा’ नावाचे खेडे त्या खोऱ्यात कधी नव्हते. तेथील प्रत्येक घर मात्र खोऱ्यात कोठे ना कोठे प्रत्यक्ष उभे असलेले घर आहे. निरनिराळ्या खेड्यांतील घरे एकत्र आणून हे गाव रचले आहे. असे का केले, याचे उत्तर सोप्या गुणाकारात मिळते. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. चार मिलिमीटरच्या फुटाने तो २१ मीटरांहून थोडा अधिक होतो. दोन मैलांवरची दोन खेडी खऱ्या अंतरावर मांडावयाची तर बेचाळीस मीटर लांबीचे दालन हवे, आणि त्यातील बहुतेक जागा शेतांनी व्यापलेली असेल. म्हणून अंतराला कात्री लावली, घराला लावली नाही. तडजोड कोठे करावी आणि कोठे करू नये याचा असा स्पष्ट निवाडा फार थोड्या कामांत दिसतो.

हीच अडचण वळणांची. खऱ्या मुख्य मार्गावर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येचे वळण काही विशेष नव्हे. या मापात त्यास साडेदहा मीटरची त्रिज्या लागेल. घरी मांडलेल्या प्रतिकृतीत वळणाची त्रिज्या बहुधा दोन फुटांच्या आसपास असते. ती खऱ्या जगात जेमतेम १५२ फुटांची झाली, आणि तेवढ्या वळणावरून मोठे प्रवासी इंजिन कोणी नेले नसते. अनुभवी लोक म्हणून तीव्र वळणे बोगद्यात, टेकडीमागे किंवा भिंतीआड दडवितात आणि पाहणाऱ्याच्या नजरेसमोर सरळ मार्ग ठेवतात.

दडविता न येणारी एक गोष्ट आहे, आणि व्यापारी वाचकांस तीच अधिक रुचावी. ती म्हणजे दोन रुळांमधील अंतर, अर्थात गेज. ब्रिटनमधील प्रमाण गेज चार फूट साडेआठ इंच आहे. चार मिलिमीटरच्या मापात ते १८.८३ मिलिमीटर हवे. तथापि ब्रिटनच्या बाजारात १९३८ साली आलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’पासून आजपर्यंत या मापाच्या गाड्या ज्या रुळांवर धावतात ते १६.५ मिलिमीटरचेच आहेत. कारण असे की हा रूळ मुळात युरोप खंडातील साडेतीन मिलिमीटरच्या मापाचा. ब्रिटिश पूल व बोगदे अरुंद, म्हणून तेथील इंजिनेही अंगाने लहान. साडेतीनच्या मापात केलेल्या इंजिनात त्या काळची विजेची मोटार मावेना. तेव्हा इंजिनाचे अंग चारच्या मापाने वाढविले आणि रूळ होता तोच ठेवला. हिशेब केला तर गेज शेरामागे सुमारे दोन छटाक कमी भरते. समोरून पाहिले की इंजिनाचे पाय जवळ आलेले दिसतात. लाखो मुले त्यावर आनंदाने खेळली, त्यांना फसविले असे कोणी म्हणणार नाही. माप नोंदविण्यासाठी बसलेल्यास मात्र ते खटकणारच.

पेंडनने १८ मिलिमीटरचे गेज धरले. म्हणजे तेथेही पाऊण मिलिमीटरहून थोडे अधिक कमीच. १८.८३चे अचूक प्रमाण चाकांच्या कडांपासून सांध्यांपर्यंत पद्धतशीर ठरले ते १९६०च्या दशकात. तोवर पेंडनचे काम बरेच पुढे गेले होते. विटेच्या बाबतीत एवढे काटेकोर असलेल्या संग्रहालयाने रुळाच्या बाबतीत थोडी तूट सोसली, हे झाकण्याचे कारण नाही. ही तूट दिसावयास बारीक नजर लागते, बाजारी रुळाची दोन छटाक तूट मात्र समोरून सहज दिसते.

प्रत्यक्ष घर करावयाचे म्हणजे पहिले काम गावात जाऊन मोजपट्टी धरण्याचे. दार, खिडकी, वळचण, धुराडे, पायरीची झीज. चारी बाजूंची छायाचित्रे. मग उलटे काम सुरू होते: गेल्या काही दशकांत काय काय बदलले ते शोधून वजा करावयाचे. नवी खिडकी काढून जुनी बसवावयाची तर जुने छायाचित्र हवे, ते नसेल तर गावातील वृद्धांची स्मृती हवी. पेंडनचा काळ १९२० व १९३०ची दशके असा ठरलेला आहे, त्यामुळे कोणत्याही वस्तूला तेथे येण्याआधी आपले वय सिद्ध करावे लागते. हे झाल्यावरच पुठ्ठ्याला सुरी लागते.

रंगाबाबत नवशिक्यांची हमखास होणारी चूक म्हणजे खरा रंग वापरणे. खऱ्या दाराला जो हिरवा रंग दिला तोच डब्यातून काढून छोट्या दाराला दिला तर ते खेळण्यातले दिसते. प्रतिकृती दोन फुटांवरून पाहणारा मनुष्य मापाच्या हिशेबाने दीडशे फुटांवर उभा असतो, आणि दीडशे फुटांवरून मधल्या हवेमुळे कोणताही रंग थोडा फिका, थोडा धूसर दिसतो. म्हणून रंगात किंचित राखाडी मिसळावा लागतो. इंजिन कितीही चकचकीत घडविले तरी त्यावर काजळी, चाकांवर तेलकट धूळ, वाघिणींवर गंजाचे ओघळ आणि रुळांमधील खडीवर गळलेल्या तेलाचे डाग हलक्या हाताने यावे लागतात. हाताचा हलकेपणा येथे फार महत्त्वाचा. मळविण्याच्या उत्साहात उत्तम काम बिघडलेले पुष्कळदा दिसते.

वेगाचेही तसेच. ताशी साठ मैलांनी धावणारी गाडी या मापात सेकंदाला पस्तीस सेंटिमीटर जावी. घरोघरच्या छोट्या गाड्या याहून कितीतरी जोरात फिरतात, आणि कष्टाने उभारलेला सगळा देखावा त्या एका गोष्टीने खोटा ठरतो. पेंडनच्या डार्टमूर देखाव्यात गाड्या जातात त्या संथपणे, आणि कोणत्या इंजिनामागे कोणते डबे असत याच्या जुन्या नोंदी पाहून जोडलेल्या. त्याच देखाव्यात ब्रुनेल पद्धतीचा लाकडी पूल आहे: दगडी खांबांवरून पंख्यासारख्या पसरलेल्या तुळया. असे पूल इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात अनेक होते. लाकूड झिजे, देखभाल महाग पडे. एकेक करून ते बदलले गेले आणि शेवटचे १९३०च्या दशकात नाहीसे झाले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेही स्वतंत्र कंपनी म्हणून १९४८च्या आरंभी राष्ट्रीयीकरणाने संपली. वाफेची इंजिने ब्रिटिश रेल्वेच्या नित्य सेवेतून १९६८ साली गेली.

रॉय इंग्लंड १९९५ साली निवर्तले. त्यांचे खोरे तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. आपल्या हयातीत ते पुरे व्हायचे नाही हे त्यांना फार आधी कळले असणार; एका घराला लागणारे तास आणि करावयाची घरे यांचा गुणाकार कोणीही करू शकतो. तरीही पुठ्ठ्याऐवजी छापील कागदाच्या भिंती लावून काम उरकले गेले नाही. आरंभीच्या स्वयंसेवकांनी सुरू केलेले काम पुढच्या पिढ्यांनी हाती घेतले, आणि माप तेच राहिले.

महाराष्ट्रात या छंदाचे वारे नाहीत असे नव्हे. पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अनेक कुटुंबांनी मुलांसह पाहिले असेल. घरातील एखाद्या मुलामुलीस तेथून परतल्यावर असे काही उभारावेसे वाटले, तर रुळांच्या आधी आजोबांची जुनी पेढी मोजावयास सांगणे बरे. फळ्यांची दारे, ओटा, वरच्या मजल्याचा लाकडी कठडा, पाटीवरील अक्षरांची उंची. त्याला खर्च मोजपट्टीचा आणि वहीचा. बाजारपेठांतील अशा दर्शनी भागांवर काचेची व पत्र्याची नवी आवरणे चढत आहेत, तेव्हा जुने छायाचित्र शोधून वजाबाकी करण्याचा सराव येथेही होईल.

पुढे रूळ आणावयाचे झाले तर आपल्या गाड्यांचा हिशेब निराळा पडतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी साडेपाच फुटी गेजवर धावली, आणि भारताचा मोठा गेज आजही तोच आहे. चार मिलिमीटरच्या मापात तो बरोबर २२ मिलिमीटर होतो. या मापाच्या गाड्यांसाठी तयार मिळणारा रूळ १६.५चा, म्हणजे नेमका पाऊणपट. शेरामागे चार छटाकांची तूट. ती सोसवत नसेल तर रूळ हाताने बांधावा लागतो: लाकडी पट्ट्यांचे स्लीपर, त्यांवर एकेक करून बसविलेला रूळ. नाहीतर १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरानची दोन फुटी गाडी निवडावी. तिला आठ मिलिमीटर लागतात, बाजारात नऊचा रूळ मिळतो, आणि तेथे माप एक मिलिमीटरने जास्तच भरते.