डाव्या हाताला दोष कशाला?

बेंगळुरूच्या मराठी घरांत शाळा कन्नड-इंग्रजी असली, तरी संध्याकाळी आजी अंकलिपी गिरवून घेते. डावखुरा नातू ‘३’ काढायला जातो आणि पाटीवर ‘६’ उमटतो. लगेच निदान होतं: हात उलटा, म्हणून अक्षर उलटं, पेन्सिल उजव्या हातात द्या. हे निदान साफ चुकीचं आहे.

चार ते सहा वर्षांची उजवखुरी मुलंही सर्रास उलटी अक्षरं काढतात. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. मेंदू वस्तू अशाच ओळखतो. अक्षराची दिशा बदलली की मात्र ते अक्षरच बदलतं, हे त्याला नव्याने शिकावं लागतं. त्यात आपले ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं. छत्तीसचा आकडा म्हणतात तो त्यामुळेच. वाचन पक्कं होत गेलं की बहुतेकांचा हा गोंधळ आपोआप सुटतो. हात बदलून सुटत नाही.

सवयीने हात वळतो, असं सांगणारे गांधीजींचा दाखला देतात. १९०९ साली ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी डाव्याने लिहिलं. खरं आहे. पण ते चाळिशीचे होते, आपखुशीने लिहीत होते आणि त्यांचा उजवा हात कुणी हिरावून घेतला नव्हता. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांवर पट्टी बसते, तेव्हा त्याचं लक्ष अक्षरावर राहत नाही, पट्टीवर जातं.

सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्याने करायचा, लिहितो डाव्याने. बेंगळुरूच्या महिला संघाची कर्णधार, सांगलीची स्मृती मानधना फलंदाजी डावखुरी करते, चेंडू उजव्याने टाकते. कोणत्या कामाला कोणता हात, हे शरीर ठरवतं. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा रिवाज घरात जरूर पाळावा. पाटीशी त्याचा संबंध नाही.

करायचं ते सोपं आहे. कागद किंचित उजवीकडे कलता ठेवा. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकवा. बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. शिरोरेघ डाव्या हाताला ढकलत न्यावी लागते, तिथे घाई करू नका.

सात-आठ वर्षांनंतरही अक्षरं उलटी येत असतील आणि वाचनही अडखळत असेल, तर निम्हान्ससारख्या संस्थेत तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ओळखण्यासाठी या संस्थेने स्वतःची चाचणी तयार केली आहे आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. तपासायचं ते वाचन-लेखन; पेन्सिल डाव्या हातातच राहू द्या.