वजा दोन हजार ओळी

कापडाच्या पेढीवर कामाचा हिशेब सरळ असतो. किती तागे गेले, किती उधारी वसूल झाली, संध्याकाळी गल्ल्यात किती रोकड आली. वही उघडली की चित्र समोर उभे राहते. व्यापारी कुटुंबांतील पुढची पिढी आता सॉफ्टवेअरच्या व्यवसायात उतरली आहे. कोणी नोकरीत आहे, कोणी दहा-पंधरा माणसांची स्वतःची कंपनी चालवीत आहे. घरातील वडीलधारी मंडळी साहजिकच विचारतात, "अरे, तुझी माणसे दिवसभर संगणकासमोर बसलेली असतात, कोणी किती काम केले, हे तुला कळते तरी कसे?" प्रश्न भाबडा वाटेल, परंतु या धंद्यातील जाणत्यांनी गेली 50 वर्षे त्याच प्रश्नाशी झुंज घेतली आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकासाठी ओळीमागून ओळ लिहिलेल्या सूचना. तेव्हा ओळी मोजाव्यात, ही कल्पना प्रथम सुचावी यात नवल नाही. 1982 च्या आरंभी अमेरिकेत अ‍ॅपल कंपनी 'लिसा' नावाचा संगणक घडवीत होती. कामाची प्रगती कळावी म्हणून व्यवस्थापकांनी एक फॉर्म काढला. प्रत्येकाने आठवडाभरात किती ओळी लिहिल्या, ते दर शुक्रवारी त्यात भरून द्यावयाचे. पडद्यावर आकृती रेखाटणारा 'क्विकड्रॉ' हा भाग बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिला होता. त्यातील एक किचकट आकडेमोड त्यांनी नुकतीच अधिक सोप्या रीतीने नव्याने मांडली होती. ती जवळजवळ सहापट वेगाने होऊ लागली आणि सुमारे 2,000 ओळी कमी झाल्या. फॉर्मच्या रकान्यात त्यांनी आकडा भरला, वजा 2,000! त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. काही आठवड्यांनी व्यवस्थापकांनी अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे फॉर्म मागणेच सोडून दिले.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती हिशेबाची आहे. लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे कोणाला तरी वाचावी लागते, तपासावी लागते, वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. म्हणजे ओळ ही जमेची बाब नव्हे, खर्चाची आहे. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1988 च्या एका लेखात हेच बजावले होते, की ओळी मोजायच्याच तर त्या खर्ची टाकाव्यात. वखारीत माल साचला म्हणून कोणी नफा झाला असे म्हणत नाही. मग ओळी साचल्या म्हणून माणूस कर्तबगार कसा ठरावा?

मोजमाप चुकले की त्याची झळ माणसांना बसते. एखादा अनुभवी माणूस दिवसभर स्वतः काहीच लिहीत नाही. चार नवख्यांच्या अडचणी सोडवितो, त्यांचे काम तपासून चूक गिऱ्हाइकापर्यंत जाऊ देत नाही. फॉर्मवर त्याच्या नावापुढे शून्य. खर्चकपातीची वेळ आली की त्याच्याच नावावर प्रथम बोट पडते, आणि तो गेल्यावर चौघांचे काम का रखडले, हे मालकाला उमगत नाही.

आयबीएममधील अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये वेगळी वाट काढली. लिहिणाऱ्याने किती लिहिले ते सोडा, वापरणाऱ्याच्या हाती काय पडले ते मोजा. माहिती भरण्याच्या किती सोयी, बाहेर पडणारे किती अहवाल, किती नोंदवह्या, असा तो हिशेब. विचार व्यापाऱ्याला पटणारा आहे. उणीव एवढीच, की कोणी उघडून पाहत नाही असा अहवालही त्यात मोजला जातो.

टॉम डीमार्को यांनी 1982 च्या आपल्या ग्रंथात मोजमापाचा मोठा पुरस्कार केला होता. 2009 मध्ये त्यांनीच त्या मताचा जाहीर फेरविचार केला. त्यांनी दोन कामांची तुलना मांडली. दोन्हींचा खर्च सुमारे 10 लाख डॉलर. पहिल्यापासून 11 लाखांचे मोल मिळणार, दुसऱ्यापासून 5 कोटींहून अधिक. काटेकोर नियंत्रणाची खरी निकड पहिल्याच कामाला आहे. ज्या मालात जेमतेम दहा टक्के सुटतात, तेथे पैपैचा हिशेब ठेवावाच लागतो. पण मुळात तोच माल का निवडला, हा प्रश्न त्याहून मोठा.

काम लांबले की धनी म्हणतो, "आणखी माणसे घ्या." आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड कामाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात सांगितले, की आधीच लांबलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते अधिकच लांबते. कारण साध्या गणिताचे आहे. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या 10 होतात, दहा माणसांत 45. शिवाय नव्यांना शिकवायचे कोणी? जुन्यांनीच. दिवाळीच्या गर्दीत ठेवलेला नवा नोकर कोणता माल कोठे आहे हे जुन्यालाच विचारत राहतो, हे कोणत्या दुकानदाराने पाहिलेले नाही?

अलीकडची पद्धत अधिक शहाणी वाटते. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांच्या 2018 च्या 'अ‍ॅक्सिलरेट' या ग्रंथात चार मापे आहेत. सुधारणा वापरणाऱ्यापर्यंत किती वेळा पोहोचते, लिहिल्यापासून पोहोचेपर्यंत किती काळ जातो, किती सुधारणांमुळे बिघाड होतो, आणि बिघडलेले किती वेळात पूर्ववत होते. दोन मापे वेगाची, दोन भरवशाची. आणि मोजायचे ते संघाला, एकेकट्या माणसाला नव्हे. अर्थात याच आकड्यांवर बोनस बांधला, तर क्षुल्लक सुधारणांचा पाऊस पाडणे कोणालाही जमेल.

पेढीसाठी बिलांचे वा साठ्याचे सॉफ्टवेअर करवून घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. किती माणसे लावली, किती तास बसली, यावर हप्ते ठरवू नयेत. दर पंधरवड्याला चालता भाग मागावा. प्रथम केवळ जीएसटीचे बिल निघू दे; ते मुनीमजींच्या हाती देऊन गर्दीच्या दिवशी वापरून पाहावे. मग वखारीचा साठा, मग उधारीची यादी. मुनीमजी आठवड्याने पुन्हा जुन्या वहीकडे वळले, तर पुढचा हप्ता देण्यापूर्वी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एक दिवस त्यांच्या शेजारी गादीवर बसवावे.