पटाचा हिशोब कोण ठेवणार?

मी गोदीत ओझी वाहतो. गाव सावदा, तालुका रावेर. केळीचं गाव. सावदा स्टेशनातून वाघिणी भरून केळी दिल्लीकडे जाते. बाप त्या भरायचा. तिथला हिशोब चोख. घड किती कापले, किती चढले, किती सडले, सगळं वहीत. पोरांचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही.

पाचवीत आमच्या वस्तीतली नऊ पोरं होतो. आठवी संपली तेव्हा चार. दोघं केळी कापायला, एक बापासोबत ऊसतोडीला. एकीला भावंडं सांभाळायला घरी बसवलं, एकीचं लग्न लावलं. हजेरीत मात्र पाचही जण रोज 'हजर'! मास्तर खूश, साहेब खूश.

१९२७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात हाच हिशोब तोंडावर फेकला होता. शाळेत १०० पोरं जातात, चौथीला १८ पोचतात, ८२ पुन्हा निरक्षर होतात. आज पोरं चौथी ओलांडतात. पण गळायची थांबली नाहीत.

सरकारला गळती दिसत नाही, पट दिसतो. २०१७ ला दहाच्या आतल्या तेराशेवर शाळा बंद करायचा घाट घातला. २०२३ ला वीसच्या आतल्यांसाठी समूह शाळेची टूम काढली. २०२४ च्या मार्चमध्ये संचमान्यतेचा निर्णय आला : सहावी ते आठवीला वीसच्या आत पट, तर नियमित शिक्षकाचं पदच नाही. म्हणजे आधी मास्तर काढायचा, मग निकाल वाईट म्हणायचं, मग कुलूप लावायचं.

पट घसरतो का? ज्याच्या खिशात पैसा त्याचं पोरगं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातं. मागे उरतं मजुराचं. शाळा लांब गेली की पोरीची आई म्हणते, 'बस झालं आता.' संपली शाळा.

मला भागाकार येत नव्हता, तरी नववीत ढकलला. तिथे आपटलो. दहावी दुसऱ्या फेरीत सुटली. गोदीत पहिला पगार झाला तेव्हा मुकादमाने किती कापले ते मला काढता आलं नाही. दुसऱ्याला विचारलं. ती लाज अजून जात नाही. २०२३ ला पाचवी-आठवीत पुन्हा नापास करायची सोय झाली. शिकवायची सोय कधी?

आणि आपण? साहेब झालेल्या आपल्याच माणसांनी सरकारी शाळेकडे पाठ फिरवली. आपण १४ एप्रिलला बँडपुढे नाचतो, आणि जूनमध्ये वस्तीतलं कुठलं पोरगं शाळेत गेलं नाही हे कुणाला ठाऊक नसतं.

२००९ च्या कायद्यात सरकारी शाळेची व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, दुर्बलांना त्यांच्या प्रमाणात जागा. माझ्या आईचा अंगठा मात्र घरी येऊन घेतला. बैठक कधी झाली, तिला माहीत नाही.

या जूनला गावी जा. आयांना घेऊन त्या बैठकीत बसा. हजेरी मागा. एकेक नाव वाचा. नाव आहे आणि पोरगं नाही, तर ते कुठल्या बागेत, कुठल्या फडात आहे ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.