रात्रपाळीचा विद्यार्थी

आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची नाईट ड्यूटी हे आपल्या महाविद्यालयांतील उघड गुपित आहे. दिवसा आतुरालयात काम करावयाचे आणि रात्री एखाद्या खाजगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आर.एम.ओ. म्हणून उभे राहावयाचे. विद्यावेतन रखडले, घरी पैसे पाठवावयाचे असले की दुसरा मार्ग दिसत नाही. आम्हीही त्याच वाटेने आलो आहोत. म्हणून या विषयावर तुच्छतेने लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही.

एका पहाटे छातीत दुखते म्हणून एका गृहस्थांना आणले. ई.सी.जी.ची पट्टी हाती होती, पण ती वाचण्याचा आत्मविश्वास नव्हता. वरिष्ठांचा दूरध्वनी नुसताच वाजत राहिला. अखेर जुन्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, यांना मोठ्या रुग्णालयात हलवू या." रुग्णवाहिकाही त्यांनीच बोलावली. रुग्ण वाचला, श्रेय कोणाचे हे आम्ही जाणतो. हजेरीपटावर मात्र आमचे नावच नव्हते. काही विपरीत घडते, तर?

अमेरिकेत आत्ययिक चिकित्सेचे निवासी डॉक्टरही असे जादा काम करतात. त्यास तेथे 'मूनलाइटिंग' म्हणतात. परंतु पहिल्या वर्षी त्यास मनाई आहे, नंतर प्रशिक्षणप्रमुखाची लेखी अनुमती लागते, आणि २०११ पासून बाहेरचे तासही आठवड्याच्या ८० तासांच्या मर्यादेतच मोजले जातात. (८० तास हेही थोडे नव्हेत! रात्रिजागरण रूक्ष, हे चरकसंहितेत शिकणारे आपणच.)

आपल्याकडे यांतील काहीच नाही. उलट, आयुर्वेदाचे डॉक्टर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांप्रमाणे आत्ययिक सेवा देऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गुजरातच्या वेतनविषयक खटल्यात म्हटले. तरी कित्येक रुग्णालयांची रात्र आपल्याच विद्यार्थ्यांच्या खांद्यावर आहे. न्यायालयावर रोष धरण्यापूर्वी, त्या विद्यार्थ्यास आपण कोणते प्रशिक्षण दिले, हे पाहावे लागेल.

बंदी घालून हे थांबणार नाही. ते अधिकच लपेल. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षानंतर, जीवरक्षक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यासच लेखी अनुमती द्यावी आणि रात्रीनंतरची सकाळ मोकळी सोडावी. आपल्यापैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावर लिहावे, त्याच्या अधिकाराबाहेरचे औषध त्याच्या सहीने देऊ नये, आणि रात्री त्याचा दूरध्वनी पहिल्या घंटेस उचलावा.